माझ्याच डोळ्यांतल्या बाहुल्या

आमच्या हिंदी मुलखातल्या गावात, लष्कर नावाच्या भागात, सराफ्याजवळ माझं चष्म्याचं दुकान आहे. डोळे तपासणं, नंबर काढणं, काचा बसवणं हे सगळं मी वडिलांच्या हाताखाली शिकलो आणि पन्नाशी ओलांडेपर्यंत या कामाची मला कधी भीती वाटली नाही. मग काही वर्षांपूर्वी, काहीही घडलेलं नसताना, आपण दिलेला नंबर चुकला असणार असं मनात यायला लागलं. गिऱ्हाईक नवा चष्मा लावून खुशीत बाहेर पडायचं आणि इकडे माझ्या छातीत धडधड सुरू व्हायची. हा आता स्कूटर चालवणार. याला समोरचा टेम्पो नीट दिसला नाही तर? मी लोकांना फोन करकरून परत बोलवायला लागलो. नंबर बरोबरच निघायचा. त्याने मला तासभर बरं वाटायचं, मग पुढचं गिऱ्हाईक.

झोपेचंही तसंच. लागायची, पण उजाडायच्या कितीतरी आधी मोडायची आणि मग मी छताकडे बघत दिवसभरात तपासलेले डोळे आठवत पडायचो. बायकोला सांगितलं होतं की पित्त झालंय.

आमच्या ओळखीच्या एक काकू आहेत, मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना मी एकाच चष्म्यासाठी पुन्हापुन्हा बोलावलं. शेवटच्या खेपेला त्यांनी चष्मा काढून काउंटरवर ठेवला.

"चष्मा अगदी ठीक आहे," त्या म्हणाल्या. "तू ठीक दिसत नाहीस. झोपतोस का?"

खोटं बोलायला जमलं नाही. मग त्यांनीच सांगितलं की काका गेल्यावर त्यांनीही मानसोपचाराच्या गोळ्या घेतल्या होत्या, चांगली दोन वर्षं, आणि गावात कोणाला कळलंही नाही. मला फार नवल वाटलं. या बाईंना मी इतकी वर्षं डोळ्यात डोळे घालून तपासत होतो आणि मला पत्ताच नव्हता. सुरुवातीचे दिवस जरा विचित्र जातात, एवढं मात्र त्यांनी बजावलं. विचित्र म्हणजे कसे, ते काही सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी बायकोशी खरं बोललो. ती एवढंच म्हणाली की पित्ताचं औषध आणून आणून मी कंटाळले होते. पुढच्याच आठवड्यात आम्ही फूलबागेकडच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. वयाने आमच्यापेक्षा बऱ्याच लहान, पण ऐकून घेणाऱ्या. त्यांनी गोळी लिहून दिली आणि समजावलं की त्रास आधी होईल, फायदा मागून, काही आठवड्यांनी. मध्येच घाबरेपणा वाढला किंवा काही भलतंसलतं मनात आलं तर लगेच फोन करायचा.

त्रास खरोखरच आधी आला. तोंड कोरडं पडायचं, पंखा चालू असताना घाम फुटायचा. आणि जांभया. झोप येत नसताना, जबडा दुखेपर्यंत जांभया. गिऱ्हाईक खुर्चीत बसलेलं, मी म्हणतोय, "नीचे वाली लाइन पढ़िए," आणि वाक्य जांभईत बुडून जायचं. समोरच्यालाही जांभई यायची, त्याच्या डोळ्यांत पाणी भरायचं, अक्षरं पुसट व्हायची, आणि दोघांनी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात करायची. एका सद्गृहस्थांनी शेवटी बाहेरून चहा मागवला, दोघांसाठी.

एका सकाळी दुकानातल्या आरशात सहज लक्ष गेलं, तर माझ्या डोळ्यांतल्या बाहुल्या नेहमीपेक्षा मोठ्या. मी बॅटरी घेऊन प्रकाश टाकून पाहिला. आकसत होत्या, पण सावकाश, आळसावल्यासारख्या. जन्मभर दुसऱ्यांच्या बाहुल्या बघितल्या, पण स्वतःच्या अशा कधी निरखल्या नव्हत्या. जवळचं अंधुक दिसत होतं, म्हणून मी स्वतःचाच नवा नंबर काढला आणि काचा घासायला टाकणार होतो. फोनवर डॉक्टरीणबाईंना सांगितलं, तर त्या हसल्या. घाई नको म्हणाल्या, हे बहुतेक निवळेल. डोळा दुखला किंवा लाल झाला तर मात्र लगेच कळवा. पुढे ते खरंच निवळलं. काचांचे पैसे वाचले.

आणखी एक परिणाम होता, नवरा-बायकोमधला. त्याबद्दल मी घरीही बोलत नव्हतो. पुढच्या भेटीत सगळं सांगून झालं आणि मी उठायला लागलो, तेव्हा बायकोने माझ्या मनगटावर हात ठेवला.

"डॉक्टर साहब, एक बात ये नहीं बोलेंगे," ती म्हणाली, "तो मैं ही पूछ लेती हूँ."

आणि तिने विचारलं, भाजीचा भाव विचारावा तितक्या सरळ. माझे कान तापले. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. हे पुष्कळांना होतं, सांगत फारसं कोणी नाही, थोडं थांबून बघू, नाहीतर मात्रा बदलू, असं त्या म्हणाल्या. परतीच्या ऑटोत आम्ही दोघं बाहेर बघत होतो. मग बायको हसू लागली, आणि मीही.

पावसाळा सरता सरता केव्हातरी ध्यानात आलं की बऱ्याच दिवसांत आपण कोणाला परत बोलावलेलं नाही. धडधड कधी थांबली ते कळलंही नव्हतं. दूधवाल्याची घंटा ऐकून मी जागा व्हायला लागलो होतो. मग मला वाटलं, झालं की बरं. कोणालाही न विचारता गोळी बंद केली.

तीन-चार दिवसांनी डोक्यात काहीतरी चमकायला लागलं. दुखणं नव्हे, वीज झर्रकन सरकून जावी तसं. नजर डावीकडून उजवीकडे नेली की हमखास व्हायचं. दुकानात मी लोकांना सांगायचो, इधर देखिए, अब उधर, आणि माझ्याही नकळत माझे डोळे त्यांच्याबरोबर फिरायचे की झर्र! मला घाबरायला हवं होतं, पण मी दार लावून मुद्दाम करून बघत होतो. हळू फिरवले तर कमी, झटक्यात फिरवले तर जास्त. मजा तिथवरच. संध्याकाळी फूलबागेपाशी रस्ता ओलांडताना टेम्पो येतोय का म्हणून मान वळवली, आणि पायाखालची जमीनच कलली. फुटपाथवर बसून बायकोला फोन केला. ती आली, शेजारी बसली.

"गोळी घेतोयस ना?" तिने विचारलं.

"नाही."

ती रागावली नाही. तिथूनच, बसल्या बसल्या, तिने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या मात्र चांगल्याच रागावल्या. गोळी पुन्हा सुरू झाली, या वेळी सकाळच्या नाश्त्यानंतर, आणि काही दिवसांत डोकं शांत झालं. बऱ्याच महिन्यांनी त्यांच्याच सांगण्यावरून मात्रा हळूहळू उतरवली. नवरा-बायकोमधली ती गोष्टही सुधारली, पूर्वीसारखी नाही, पण ठीक.

आता अगदी लहानशी गोळी चालू आहे. ती कधी सुटेल, हे मी दर भेटीत विचारतो आणि हिवाळा जाऊ द्या, असं उत्तर मिळतं. एखाद्या दिवशी अजूनही धडधड होते. स्वप्नं मात्र लांबलचक पडतात, रंगीत, अनोळखी माणसांनी भरलेली. सकाळी चहा पिताना मी ती बायकोला सांगू लागतो. तिला शाळेत शिकवायला जायची घाई असते, तरी ती चप्पल घालता घालता विचारते, मग पुढे काय झालं?