निळा तपासणारी

फटाक्यांच्या कारखान्यात सगळ्यांत शांत खोली तिची होती. लांबट, खिडकी नसलेली, भिंती काळ्या रंगवलेल्या. एका टोकाला लोखंडी चिमटा, दुसऱ्या टोकाला खुर्ची. चिमट्यात चण्याएवढी गोळी धरायची, पेटवायची आणि खुर्चीतून बघायचं. या गोळीला कारखान्यात तारा म्हणतात. आभाळात उडून फुलतं ते असल्या शेकडो ताऱ्यांचं पुंजकं. रंग बरोबर आहे की नाही, हे ठरवायचं काम तिचं. बावीस वर्षं ती हेच करत होती. कारखान्यात तिला डोळेबाई म्हणत, आणि तिलाही त्यात काही वावगं वाटत नसे.

रंगांचं शास्त्र ती पुस्तकातून शिकली नव्हती, पण तिला ते पाठ होतं. लाल स्ट्रॉन्शियमचा, हिरवा बेरियमचा. दोन्ही फारसा त्रास देत नाहीत. पिवळा सोडियमचा, म्हणजे आपल्या मिठातलाच. तो आगंतुक. घामेजल्या हातानं कच्चा माल हाताळला तरी कुठल्याही रंगात घुसून पिवळी झाक आणतो. पांढरा झगझगाट हवा तर ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियमची पूड. ती इतकी तापून जळते की डोळे दिपतात. आणि निळा तांब्याचा. निळ्याचे नखरे सगळ्यांत जास्त. ज्योतीत तांबं आणि क्लोरिन एकत्र आले की निळा उजेड पडतो, पण ती जोडी नाजूक. आच जरा वाढली की फुटते, आणि निळ्याचा फिकट पांढरा होतो. म्हणजे उजेड वाढवायला जावं तर रंग जातो, रंग राखायला जावं तर उजेड कमी पडतो. या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या जागेत जो तारा बसवतो, तो खरा कारागीर.

कारखान्यात असा कारागीर एकच होता, आणि तो तिचा धाकटा दीर. एकोणीस वर्षं निळ्याचं मिश्रण त्याच्या हातचं. सगळे त्याला निळेशेठ म्हणत.

तिचा नवरा गेल्याला आठ महिने झाले होते. अकराव्या दिवशी ती कामावर आली, काळ्या खोलीत बसली आणि तारे बघू लागली. लोक हळू आवाजात बोलत, ती नेहमीच्या आवाजात उत्तर द्यायची. जेवण जायचं, झोप लागायची. फक्त सगळं विटल्यासारखं दिसायचं. साड्या, भिंती, भाजी, सगळ्यावर जुन्या कागदाची कळा. तिनं ते कुणाला सांगितलं नाही. नवरा गेल्यावर बाईला असंच दिसत असणार, असं तिनं धरून घेतलं.

एका सकाळी लेकीनं तिच्या पायांकडे बोट दाखवलं. “आई, एक मोजा काळा आणि एक निळा घातलायस.”

“बुटात कोण बघतंय?” ती म्हणाली आणि निघाली.

त्याच सुमारास निळ्याचा एक ट्रे नापास झाला. पाचपैकी तीन गुण आणि शेरा: मंद. निळा चाराच्या खाली आला तर ट्रे नापास आणि नापास ट्रे त्याच दिवशी तेलात भिजवून नष्ट, असा नियम होता. तसा तो झाला.

दीर जेवणाच्या सुट्टीत तिच्या समोर येऊन बसला. “वहिनी, एकोणीस वर्षांत मंद म्हणालं नव्हतं कुणी. घरी माझ्या बायकोनंसुद्धा नाही.”

“तिला विचारलंय का तुम्ही?”

“भीतीनं विचारलं नाही.” तो हसला, मग थांबला. “खरंच मंद आहे?”

“मला दिसलं ते लिहिलं, भाऊजी.”

तो पडला हाडाचा कारागीर. वहिनी मंद म्हणते तर उजेड वाढवायला हवा. त्यानं पुढच्या मिश्रणात धातूच्या पुडीची चिमूट वाढवली. दुसऱ्या ट्रेला दोन गुण मिळाले. त्यानं आणखी थोडी वाढवली. तिसऱ्यालाही दोन. मग इन्चार्जनं त्याला बोलावून सांगितलं, “चौथा गेला तर तुम्ही पॅकिंगला. हात गेला असेल तुमचा. वय होतं माणसाचं.”

ही बातमी तिच्यापर्यंत पोचायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

चौथा ट्रे आला त्या दिवशी ती नेहमीप्रमाणे अंधारात डोळे स्थिरावेपर्यंत बसली. तारा पेटवला. दोन. दुसरा पेटवला. दोनच. तिनं पेन उचललं आणि खाली ठेवलं.

कपाटात सीलबंद डबा होता. त्यात नमुन्याचे तारे. पाच गुणांचा निळा कसा असतो हे दाखवणारे, बाहेरच्या प्रयोगशाळेतून दर वर्षी मोजून येणारे. रोज सकाळी आधी नमुना जाळायचा, मग माल जाळायचा, अशी पद्धत. ती पद्धत तिनं कित्येक वर्षांपूर्वी सोडली होती. नमुना डोळ्यांत बसलाय, म्हणायची. इतरांनाही तिचा अभिमान होता. कुणी विचारलं नव्हतं.

तिनं सील तोडलं. नमुना चिमट्यात धरला आणि पेटवला.

दोन.

तिनं डब्यातून आणखी नमुने काढले. मग एक डोळा झाकून आणखी एक नमुना जाळला, दुसरा डोळा झाकून आणखी एक. तिला भीती वाटली नाही, रडूही आलं नाही. रजिस्टरमध्ये ट्रेच्या क्रमांकापुढे तिनं लिहिलं: तपासणाऱ्याचा डोळा बरोबर नाही. मी कामावर परत आल्यापासूनचे सात महिने ग्राह्य धरू नयेत. खाली सही केली आणि रजिस्टर इन्चार्जच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

इन्चार्जनं दोनदा वाचलं. “बाई, याचा अर्थ कळतोय तुम्हाला? खुर्ची जाईल.”

“कळतोय.”

“निळेशेठसाठी करताय का हे?”

“नमुन्याला दोन आले, साहेब. नमुना माझा कुणी लागत नाही.”

डोळ्यांच्या डॉक्टरनं दिवा टाकून पाहिलं. मोतीबिंदू. डोळ्यातलं भिंग पिवळं पडलंय, म्हणाला, आणि पिवळं भिंग सगळ्यांत आधी निळाच खातं.

“कधीपासून असेल?” तिनं विचारलं.

“हळूहळू होतं हे. दोन वर्षं तरी.”

दोन वर्षांपूर्वी नवरा धडधाकट होता. तिनं हिशेब केला आणि पर्स उचलली. विटलेलं ते जग दुःखाचं नव्हतं. मग दुःखाचं काय होतं, हे तिला शोधता आलं नाही.

दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया होऊन ती परत येईपर्यंत अडीच महिने गेले. तेवढे दिवस निळ्याची मिश्रणखोली कुलपात होती आणि दीर पॅकिंगला खोकी चिकटवत होता. चौथा ट्रे तेवढा निकालासाठी कोठारात ठेवला होता. आल्या दिवशी इन्चार्जनं दोघांना काळ्या खोलीत नेलं.

तिनं आधी नमुना जाळला. खोल, गडद, थंड निळा. पाच. मग चौथ्या ट्रेतला तारा. भक्कन उजेड पडला, पांढरट.

“धातूची पूड जास्त आहे,” ती म्हणाली. “आच वाढलीये. दोन.”

“तुम्हीच मंद म्हणालात ना!” दीर उसळला. “तुमच्यासाठी वाढवत गेलो मी, वहिनी!”

“आता काढा. पहिल्यासारखं करा.”

इन्चार्जनं खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. “एक ट्रे. शेवटचा.”

आठवड्यानं ताटलीत नवे तारे आले, वाळवलेले, वाढीव पुडीशिवाय. दीर दाराशी उभा राहिला. तारा जळत असताना बोलायचं नाही असा नियम, म्हणून तो तोंड घट्ट मिटून होता. नमुना जळला. मग त्याचा तारा. दोन्हींत तिला फरक सापडेना, तिनं आणखी चार जाळले तरी. रजिस्टरमध्ये पाच लिहून तिनं ते इन्चार्जकडे सरकवलं. इन्चार्जनं वाचलं आणि किल्ली दिराच्या हातात दिली.

बाहेर बोळात दीर तिच्या बरोबरीनं चालू लागला.

“वहिनी, तो पहिला ट्रे. तीन दिलेला. तोही असाच असणार ना?”

“असेल.”

“असेल म्हणजे?”

“जाळला मी, भाऊजी. पण पाहिला नाही. आता तो कसा होता, ते कुणालाच सांगता येणार नाही.”

तो मिश्रणखोलीकडे वळला. ती पुढच्या ट्रेसाठी परत आत गेली आणि डोळे स्थिरावेपर्यंत बसली.