दोन ओळींचा हट्ट

"लिहिलंय कुठे? दाखव." चष्मा कपाळावर सरकवून ताईजी स्क्रीनवर बोट टेकवायच्या आणि समोरचा दाखवेपर्यंत ते बोट हलायचं नाही. समोर नवखा असो की साहेब. तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल. ते मीटिंगला आलं की बाकीचे घड्याळाकडे बघतात. मीही बघायचो, हे आधीच कबूल करतो.

इंदूरच्या आमच्या कंपनीत व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर बनतं. त्यात आता एआय एजंट आलाय. वापरणाऱ्यानं नुसतं सांगायचं, लग्नाचा व्हिडिओ छोटा कर, की एजंट सॉफ्टवेअरमधली टूल्स उचलून कामाला लागतो. कोणतं टूल काय करतं, हे त्याला फक्त टूलसोबत लिहिलेल्या चार ओळींच्या वर्णनावरून कळतं. ती वर्णनं तपासून पास की फेल ठरवायचं, हे आम्हा दोघांचं काम. मी नाशिकहून आलेला, डिग्रीवाला. ताईजी बडा गणपतीजवळच्या जुन्या मराठी घरातल्या, तीस वर्षं एका दुकानात लग्नाचे व्हिडिओ एडिट केलेल्या. कंपनीनं त्यांना करारावर घेतलं होतं.

त्यांची रीत वेगळीच होती. नावावरून अंदाज बांधता येऊ नये म्हणून स्क्रीनवरच्या टूलच्या नावावर त्या कागदाची पट्टी चिकटवायच्या आणि म्हणायच्या, "आता मी एजंट. मला अक्कल नाही, हुकूम तेवढा मालूम." मग वर्णनात जे लिहिलंय तेच, तेवढंच, खऱ्या व्हिडिओवर हातानं करून बघायच्या.

एकदा वर्णन होतं, 'नको असलेला आवाज काढून ऑडिओ सुधारते.' ताईजींनी ते एका लग्नाच्या क्लिपवर चालवलं. भटजींचं बोलणं खणखणीत झालं आणि सनईवाला नुसताच गाल फुगवत बसला. आमची हसून पुरेवाट. त्या मात्र हसल्या नाहीत. "नको असलेला म्हणजे कोणाला नको, भिया? लिहिलंय कुठे?" इंदुरात भैयाचं भिया होतं.

मग ते शांततेचं टूल आलं. वर्णन एवढंच, 'रिकामे भाग काढून क्लिप नीटनेटकी करते.' जिथे कोणी बोलत नाही तो भाग ते टूल कापायचं आणि मूळ फाईलवरच सेव्ह करायचं. ताईजींनी फेल दिलं आणि कारण लिहिलं, दोन ओळी वाढवा: 'मूळ फाईल परत मिळत नाही. आधी वापरणाऱ्याला विचारा.'

आमचा मॅनेजर इथलाच, वयानं त्यांच्या मुलासारखा. तो म्हणाला, "ताईजी, ये दो लाइन डालो तो एजंट हर बार रुक के पूछता है. डेमो में क्लाइंट के सामने अटकेगा. पास कर दो ना."

"अटकू दे. फेल आहे, बेटा."

मला त्यांचा राग आला होता. जेवणाच्या सुट्टीत मी विचारलंच, ताई, दोन ओळींसाठी एवढं कशाला? त्यांनी डबा बंद केला.

"महूच्या एका फौजी घरातलं लग्न होतं. दुकानदारानं म्हटलं, खाली हिस्सा काट दे, रिकामा वाटेल तो. एक म्हातारे खुर्चीवर बसलेले, बोलत नाहीत, चालत नाहीत, बस नातीकडे बघून राहिले. मी काटून दिलं. दोन महिन्यांनी त्यांचा मुलगा आला, म्हणे बाबूजी गेले, तेवढा हिस्सा परत लावून द्या. मास्टर कॅसेटवर तर आम्ही दुसरं लग्न चढवलं होतं. कुठून लावू? तो रागावला पण नाही रे. थॅंक यू म्हणून गेला."

डब्यातली अर्धी पोळी तशीच राहिली.

मॅनेजर ते वर्णन पुन्हा पुन्हा पाठवत राहिला, कधी एखादा शब्द बदलून, कधी तसंच. दर वेळी ताईजी पट्टी चिकटवायच्या, सगळं पहिल्यापासून तपासायच्या आणि फेल द्यायच्या. न तपासता शेरा मारला असं कोणी म्हणायला नको, हा त्यांचा मान. करार संपायला आला तेव्हा त्यांना आडून सुचवलं गेलं, हे पास केलंत तर करार वाढेल. त्या म्हणाल्या, "करार तुमचा आहे, ठेवा. शेरा माझा आहे." शेवटच्या दिवशीही जेवणाआधी फेल दिलं, मग ओळखपत्र काउंटरवर ठेवलं आणि रिक्षा करून घरी गेल्या. निरोपाचा केक आला होता. तो आम्हीच खाल्ला. मला तो गोड लागला नाही.

सोमवारी तेच वर्णन माझ्याकडे आलं. खरं सांगतो, मी आधी 'पास' टाइप केलं. अजून मी कायम झालेलो नव्हतो. मग खोडलं, वर्णन तपासायला घेतलं आणि दुपारी फेल दिलं.

मॅनेजर उठून आला. "आप भी? सोच लो. कन्फर्मेशन का लेटर मेरे ही पास है."

मी म्हणालो, "सोच लिया."

आज ते माझ्याकडे तिसऱ्यांदा आलं. ताईजींना मी फोन केलेला नाही. यात सांगण्यासारखं काय, म्हणाल्या असत्या. आमच्या फॉर्मवर तपासणाऱ्याची नुसती आद्याक्षरं चालतात. मी फेल दिलं आणि खाली माझं पूर्ण नाव लिहिलं.