वरच्या शेतातलं पाखड

तणनाशकाच्या बाटलीवर सगळं लिहिलेलं असतं. कोणतं गवत मरेल, किती पाण्यात किती औषध, वारा असेल तर काय. वरच्या शेताच्या मालकाचं काय करायचं, ते मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. तिथेच माझं डोकं फिरतं.

आमचं शेत पेडण्याजवळ. त्याच्या वरचा तुकडा माझ्या चुलत दिराचा. तो वास्कोला बंदरात नोकरीला, तिथेच फ्लॅट घेऊन राहतो आणि शेत कित्येक वर्षं पडीक. पडीक म्हणजे रिकामं नव्हे. त्यात कमरेएवढं पाखड, भातासारखंच दिसणारं रानगवत, माजतं. त्याचं बी पिकून गळतं आणि पावसाच्या पाण्याबरोबर बांधाच्या खाचेतून थेट आमच्या भातात उतरतं.

लावणीला माणसं मिळेनाशी झाल्यापासून आम्ही मोड आलेलं भात चिखलात फेकून पेरतो. मग भात आणि पाखड एकत्रच उगवतात, कोवळेपणी दिसतातही सारखी. बेणायला, म्हणजे हाताने तण उपटायला बसलं, तर पाखडाबरोबर भातही हातात येतं. म्हणून तणनाशक. ते भाताला सोडतं, पाखडाला मारतं. पहिल्यांदा शेतातलं पाणी काढून, पाठीवर पंप घेऊन मीच फवारलं आणि मग परत पाणी घेतलं. थोड्याच दिवसांत पाखड पिवळं पडलं, भात हिरवंगार. मी बांधावर उभी राहून एकटीच हसले.

ते हसू तेवढ्यापुरतंच. दरवर्षी वरून नवं बी, दरवर्षी तीच फवारणी. आता तर पाखड त्या औषधाला सोकावलंय. यंदा काही मेलं, बाकीचं खुशाल उभं. दुकानदार म्हणाला, औषध बदला. नवरा म्हणाला, "औंदा भात हातात नाय इला, तर फुडल्या वर्साक आपूणय पडीक टाकूया." हे तो इतक्या सहज बोलला की मला पाखडापेक्षा त्याचाच राग आला. मला ते शेत सोडायचं नव्हतं. लग्न होऊन आल्यापासून रोजची पेज त्याच भाताची आहे.

मी दिराला फोन लावला. "भावजी, तां गवत फुलाच्या आदी कापून टाका. तुमका जमना नाय तर मी कापतंय. मजुरी नको."

"नको वयनी, तुमी शेतात पाय घालू नकात. आज गवत कापशात, फाल्यां कूळ म्हणान दावो घालशात."

कूळ! दर गणेशचवथीला ज्याच्या पानात मी वाढते, त्याला मी जमीन बळकावीन असं वाटतं. मी फोन नवऱ्याच्या हातात दिला. तो नुसतं "बरां, बरां" म्हणाला आणि फोन ठेवला. वर मलाच सांगतो, "जाव दी गे, घरातलोच तो."

चवथीला दीर आला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दाराला बांधायच्या 'नव्या'साठी, नव्या भाताची कणसं काढायला शेतात गेलो, तर तोही पिशवी घेऊन मागोमाग. "वयनी, चार कणसां आमकांय दिया. फ्लॅटाच्या दाराक नवें बांधतलो."

माझा तोल गेला. विळा घेऊन मी सरळ बांध चढले आणि त्याच्या शेतात शिरले. त्याने पिशवी खाली ठेवून मोबाईल काढला.

"पुरावो म्हणान काडतंय, वयनी. राग मानू नकात."

"काडा, बरो काडा," मी म्हटलं. "गवतय दिसूंदे त्यात."

पहिली मूठ कापली आणि दाणे सरसर पाण्यात पडले. पिकलेलं पाखड नुसता हात लावला तरी गळतं, हे काय मला ठाऊक नव्हतं? फुलायच्या आधी कापायचं ते मी आता कापत होते. आणखी एक मूठ, आणखी दाणे. ते तरंगत खाचेकडे, आमच्या भाताकडे चालले होते. रागाने माझे डोळे भरून आले. थांबले तर ते आपोआप गळणार होतं, कापलं तर मीच गाळत होते.

दिराचा मोबाईल चालूच होता. खालून नवऱ्याने हाक मारली, "सोड गे तां. फुडल्या वर्साक पेरूचाच नाय आपल्याक."