चिऱ्याची धूळ

माझे वडील चिऱ्याच्या खाणीत कामाला होते. दगड कापताना उडणारी तांबडी धूळ रोज त्यांच्या अंगावरून घरी यायची. आल्यावर ते पायरीवर बसत, डोक्यावरची टोपी गुडघ्यावर आपटत, मग विहिरीवर आंघोळ करत आणि त्यानंतरच घरात येत. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचा एकच धड फोटो आहे, तोही लग्नकार्यातला, इस्त्रीचा सदरा घातलेला. फोटो काढायचा म्हटलं की ते आधी आंघोळ करून येत. त्यामुळे धुळीतले वडील कुठेच उरले नाहीत.

त्या धुळीवर माझं शिक्षण झालं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. आता कोकणातल्या, तळेऱ्याजवळच्या आमच्या घरात बसूनच मी गेमसाठी अ‍ॅनिमेशन करतो. मध्यंतरी एका स्टुडिओने धुळीने माखलेल्या वाटसरूचं पात्र माझ्याकडे दिलं, तेव्हा कुणाला न सांगता मी वडिलांनाच करायला घेतलं. उजवा खांदा थोडा कललेला, पावलं जड, टोपी भुवयांपर्यंत ओढलेली. त्यांच्यावर पार्टिकल इफेक्ट लावला, म्हणजे पावलागणिक अंगातून हजारो बारीक कण उडतील अशी सोय केली.

आई चहा घेऊन आली.

"ह्यो कोण रे?"

"वळख."

तिने पदराने चष्मा पुसला आणि वाकून पाहिलं. "पिठाच्या गिरणीत पडलेलो दिसता."

मी हसलो, पण खट्टू झालो. तिने ओळखावं एवढ्यासाठीच तर सगळा खटाटोप होता. मग कण तांबडे केले, तर गुलाल उधळल्यासारखं दिसू लागलं. कमी केले, तर अंगातून धूर निघतोय असं वाटू लागलं.

एका दुपारी वीज गेली. पंखा बंद पडला. मानेवरचा घाम टॉवेलने पुसला आणि वडिलांचा टॉवेल आठवला. तो मानेच्या जागी कायम ओला आणि तांबडा असायचा. आमच्या हवेत घाम वाळतच नाही. अंगावर बसलेली धूळ चिखलासारखी धरून राहते. मी मात्र ज्या व्हिडिओंवरून शिकलो, ते सगळे वाळवंटातल्या कोरड्या धुळीचे होते.

वीज आल्यावर कण बंद केले आणि शेडरकडे वळलो. पात्राच्या कातडीवर, कपड्यांवर उजेड कसा पडावा, रंग कुठे गडद व्हावा, हे शेडर ठरवतो. मानेच्या वळ्यांत, कोपराच्या आत गडद ओला तांबडा. भुवयांवर फिकट. पाठीवर घामाचा लांबट डाग. कण फक्त एका जागी ठेवले. पायरीवर बसून टोपी गुडघ्यावर आपटली की थोडी धूळ उठते आणि तिथेच खाली बसते.

आईला बोलावलं. या वेळी काही विचारलं नाही. पात्र चालत आलं, पायरीवर बसलं, टोपी आपटली.

आई खुर्चीची पाठ धरून उभी राहिली.

"परत दाखय."

परत दाखवलं. मग पुन्हा. खिडकीबाहेर विहिरीवर शेजारीण बादली आपटत होती, तिकडे आईचं लक्ष नव्हतं.

"आता न्हावन जेवक येवंदे तेका," ती म्हणाली आणि चुलीकडे गेली.

स्टुडिओला धूळ आणखी उडायला हवी होती. त्यांना तशी करून दिली. माझ्याकडे राहिलं ते आमचं. वडिलांना आंघोळ घालायचा मी खरंच प्रयत्न केला. पाणी ओतलं, शेडरमधली तांबडी छटा हळूहळू उतरवत नेली. पण धूळ गेल्यावर खाली चेहरा लागतो, आणि तो मी केलाच नव्हता. टोपीच्या सावलीवर आणि धुळीवर भागवलं होतं. फोटो समोर ठेवून बसलो, तर फोटोतला माणूस त्या पायरीवर बसेना.

म्हणून ते अजून पायरीवरच आहेत. चालत येतात, बसतात, टोपी आपटतात, आणि पुन्हा रस्त्यावरून चालत येतात. आई अधूनमधून विचारते, "इलो काय रे आत?"

"नाय गो, बसलो हा भायर," मी सांगतो.