जुडिथने कोट हुंगला

आमची जुडिथ वोलमन तशी हट्टीच. साउथ डकोटातल्या आमच्या ख्रिस्ती पंथाच्या वसाहतीच्या सामायिक स्वयंपाकघरात आम्ही दोघी चुलतबहिणी शेजारी उभ्या राहून राबायचो, आणि शेवया किती जाड कापायच्या यावरूनही ती माझ्याशी भांडायची. त्या हिवाळ्यात मात्र ती गप्प झाली. दुसऱ्या वसाहतीतला इलायस तिला मागणी घालायला आला होता.

घराणी मोजकीच, त्यामुळे आमच्यात कुणाचंही कुणाशी नातं निघतंच. जुडिथची थोरली बहीण रिबेका अशीच नात्यात दिलेली, आणि तिचा गर्भ टिकत नव्हता. आमचं रक्त तपासायला येणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, रोगाशी लढणारी जनुकं नवराबायकोत फार सारखी असली तर मूल व्हायला अडचण येते असं दिसतं. आणि तशी माणसं एकमेकांना कमी निवडतात, कदाचित वासावरून. इतर अभ्यासकांना तसं आढळलेलं नाही, एका जोडप्याबद्दल तर काहीच सांगता येत नाही, हेही त्यांनी बजावलं होतं. जुडिथने तेवढं सोडून बाकी सगळं डोक्यात घेतलं.

शनिवारी इलायस आमच्या पुरुषांबरोबर शेडच्या छतावर राबला. परत येऊन त्याने अंगातला कोट दाराशी खुंटीला टांगला. जुडिथने इकडेतिकडे पाहिलं आणि कॉलरमध्ये नाक खुपसलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"आमच्या घरचाच वास आहे गं," ती म्हणाली. "अगदी माझ्या भावाचा, डार्यसचा. माझंही रिबेकासारखंच होणार."

मी तिला वेड्यात काढलं, पण व्यर्थ. तिने बापाला सांगून टाकलं, नको. तिचा त्याच्यावर जीव होता, म्हणून मला तिचा असा राग आला की बोलायची सोय नाही. रविवारी प्रार्थनेनंतर उपदेशक तिला सगळ्यांसमोर विचारणार होते. तिथे नाही म्हटलं की इलायस पुन्हा येणार नव्हता.

रविवारी न्याहारीला तिचा भाऊ डार्यस कुरकुरत आला. काल छतावर पाहुण्याचा चांगला कोट खराब होऊ नये म्हणून त्याने स्वतःचा दिला, तर पाहुण्याने खिळ्यात अडकवून त्याची बाही फाडली. कोट आमचे सगळ्यांचे काळे, एकाच ताग्यातले. मी जुडिथकडे पाहिलं. तिने हातातली वाटी खाली ठेवली. बोलायला वेळच नव्हता, प्रार्थनेची घंटा झाली.

मुलीच्या बापाने आधी नाही म्हणायचं, ही आमची रीत. तो नाही म्हणाला, पण त्या दिवशी ते नुसतं रीतीचं वाटलं नाही. मग उपदेशकांनी जुडिथला विचारलं.

ती उठली, बायकांचे बाक सोडून सरळ पुरुषांच्या बाजूला गेली आणि इलायसच्या स्वतःच्या कोटाची कॉलर धरून तिने हुंगलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इलायस कानापर्यंत लाल झाला, पण जागचा हलला नाही.

"याला आमच्या घराचा वास नाही," ती म्हणाली. मग तिने आईकडे पाहिलं आणि तिचा आवाज कातर झाला. "मी जाते याच्याबरोबर."