छबूबाईचा तोंडलीचा वेल

एकाहत्तर साली नवरा गेला, लेकं साखर कारखान्यावर राहायला गेली आणि सोनईच्या घरात छबूबाई एकटी उरली. न्हाणीमागचा तोंडलीचा वेल आंघोळीच्या पाण्यावर जगायचा. एका बाईच्या आंघोळीत त्याचं काय भागणार? मग ती त्याच्यासाठी दोनदा न्हायची. तरी वेल सुकतच चालला.

शेजारची भामाबाई म्हणाली, "अक्का, आमच्या न्हानीमागं हलवा की. आमच्यात खंडीभर मानसं न्हात्यात."

"पानं झडू दे आधी. लेकरू झोपंत उचललं की रडत न्हाई."

थंडीत पानं झडली, तेव्हा तिनं मुळं मातीच्या गोळ्यासकट नेऊन तिकडं लावली.

चैत्रात वेल भामाबाईच्या मांडवभर पसरला. छबूबाई मात्र अजून दोनदाच न्हायची आणि पाणी रिकाम्या खड्ड्यात जिरताना बघत बसायची.