जनावराची वाट

कुंदन शेतात पाय आपटत चालायचा. चप्पल घालण्याआधी उपडी करून झटकायचा. पाणी पिण्याआधी थोडं जमिनीवर सांडायचा. दिवेलागणीनंतर सापाला साप म्हणायचा नाही, जनावर म्हणायचा. नाव घेतलं की ते येतं, असं त्याच्या घरी मानत.

वलगावला त्यांचा झेंडूचा मळा. आमची ओळख अमरावतीच्या क्लासमधली. मी इंग्रजी साहित्य शिकलेलो, म्हणून बँकेच्या परीक्षेसाठी तो माझ्याकडून शब्द घ्यायचा. एकदा मळ्यातच धोक्याचे शब्द निघाले. एक्स्पोज्ड, म्हणजे उघड्यावर पडलेला. व्हल्नरेबल, म्हणजे ज्याला इजा होऊ शकते असा. त्याची आई, माणिकबाई, विहिरीजवळच्या मांडवात हार ओवत होती.

"दिवे लागले. असं अभद्र बोलू नका," ती म्हणाली.

"इंग्रजीत बोलून रायलो, आई. जनावराले कुठं इंग्रजी येते?" कुंदन हसला. मग मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, "स्नेक. स्नेक."

माणिकबाईची सुई थांबली.

मी पुढचा शब्द सांगितला. इन हार्म्स वे. संकट त्याच्या वाटेनं चाललेलं असतं, आपण त्या वाटेत असतो.

"म्हंजे त्याचा आपल्यावर राग नसते?"

"नसतो."

"बाजूले सरकलं का झालं?"

"हो."

तो गवताकडे बघत राहिला. धुऱ्यापासून, म्हणजे शेताच्या बांधापासून, गवताचा एक बारीक पट्टा दबून आडवा झोपला होता. वारा नव्हता. पट्टा माणिकबाईच्या बसायच्या पाटाशी येऊन थांबत होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं विहिरीपलीकडे आईसाठी नवा मांडव घालायला घेतला.

"तिकडं काहून? सावली इथं हाय," ती म्हणाली.

"तू वाटेत बसून रायली."

"कोनाच्या?"

संध्याकाळ झाली होती. त्यानं उत्तर इंग्रजीत दिलं.

खड्डे खणून झाले. बांबू काढायला तो जुन्या मांडवामागे वाकला, तिथंच त्याला चावलं. दवाखान्यात पोचेपर्यंत तो गेला.

तेराव्यानंतर मी मळ्यात गेलो. माणिकबाई जुन्याच जागी हार ओवत होती.

"काकू, तिथून उठा."

"कुठं जाऊ, बापा?" तिनं सुईत फूल घेतलं. "जनावराले येत होती वाटते इंग्रजी."

गवतातला पट्टा तसाच होता. विहिरीपलीकडे खड्डे उघडे होते. बांबू कुंदननं सोडले तिथंच पडले होते.